मंगळाच्या मातीत पृथ्वीवरचा सूक्ष्मजीव तगेल का? प्रयोग कसा मांडावा?

मायक्रो_टीवाय (प्रश्न)

नमस्कार मंडळी. टीवाय मायक्रोबायोलॉजीच्या आमच्या गटाने प्रकल्पासाठी मंगळ घेतला आहे. कोरड्या, गोठलेल्या, खडकाळ ग्रहावर पृथ्वीवरचा एखादा जीव तगेल का, हे तपासायचं आहे. वाचायला बसलं की गोंधळ उडतो. डायनोकॉकस हा किरणांना चिवट जीवाणू, दगडफूल, वाळवंटी शेवाळ यांनी अंतराळासारख्या परिस्थितीत दिवस काढल्याच्या बातम्या एकीकडे, आणि मंगळाची माती जंतुनाशकासारखी आहे हे दुसरीकडे. दोन्ही खरं कसं असेल?

हाताशी असलेलं साहित्य: दोन टप्प्यांचा रोटरी व्हॅक्यूम पंप, काचेचा डेसिकेटर, लॅमिनारमधली १५ वॉटची जंतुनाशक अतिनील ट्यूब, उणे २० चा डीप फ्रीझर, ऑटोक्लेव्ह, हॉट एअर ओव्हन. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वेल्डिंगच्या दुकानातून मिळेल. माती म्हणून क्रशरवरची काळ्या दगडाची कच चालेल का? कोणता जीवाणू घ्यावा? आणि निकालाचा अर्थ कसा लावायचा?

काळापाषाण

दोन्ही खरं आहे, कारण ती दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. सुकून, निपचित पडून जीव किती काळ मरत नाही, हा एक प्रश्न. तिथे अन्न घेऊन, वाढून, दुभागून पुढची पिढी उभी राहते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा 'हो' येतं. दुसऱ्याचं, मंगळाच्या उघड्या पृष्ठभागापुरतं, आजवरच्या पुराव्यावरून 'नाही' असंच द्यावं लागतं. कॉलेजच्या साधनांनी पहिलाच प्रश्न मोजता येतो. तेव्हा प्रकल्पाच्या नावातच 'तग' म्हणा, 'जीवन' म्हणू नका. परीक्षक तिथेच अडवतात आणि त्यांचं बरोबर असतं.

आता मारतं काय ते क्रमाने. सगळ्यात वेगाने मारतात अतिनील किरण. मंगळावर ओझोनचा थर नावापुरताच आहे. तिथला कार्बन डायऑक्साइड साधारण २०० नॅनोमीटरच्या खालचे किरण अडवतो, पण २०० ते २८० मधले थेट जमिनीवर येतात आणि डीएनए नेमका त्याच पट्ट्यात तुटतो. विषुववृत्तावर भर दुपारी या पट्ट्यात दर चौरस मीटरला ३ ते ४ वॉट ऊर्जा पोहोचते. एकेरी थरात पसरलेले बॅसिलस या जीवाणूचे बीजाणूसुद्धा (टणक आवरणातल्या निपचित पेशी) त्यात एखाद-दोन मिनिटांत ९० टक्के मरतात. मात्र हे किरण आत शिरत नाहीत. अर्ध्या मिलिमीटर धुळीखाली, दगडाच्या फटीत किंवा मेलेल्या भाऊबंदांच्या थराखाली जीव सुरक्षित राहतो. जपानच्या तानपोपो प्रयोगात डायनोकॉकसचे सुकवलेले थर अंतराळ स्थानकाच्या किबो विभागाबाहेर ३ वर्षं ठेवले होते. अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जाड थरात वरचे जीवाणू मेले आणि त्यांच्या आडोशाने आतले जगले. बातम्यांमध्ये हा जाडीचा मुद्दा गळतो आणि 'जीवाणू अंतराळात जगला' एवढंच उरतं.

वैश्विक किरणांची भीती त्या मानाने फार वाढवून सांगितली जाते. क्युरिऑसिटी गाडीवरच्या उपकरणाने मोजलेली मात्रा दिवसाला सुमारे ०.२१ मिलिग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणोत्सर्गाचं माप), म्हणजे वर्षाला साधारण ७६ मिलिग्रे. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स ५,००० ग्रेची मात्रा पचवतो. भागाकार केला तर सुमारे ६५ हजार वर्षं होतात. सुकवून गोठवलेल्या अवस्थेत तो याच्या कितीतरी पट मात्रा सोसतो, हे २०२२ मध्ये दाखवलं गेलं. पण या हिशोबात एक मेख आहे. निपचित पेशी आपला तुटलेला डीएनए सांधत नाही, त्यामुळे नुकसान साचत राहतं. सांधण्यासाठी जागं व्हावं लागतं आणि जागं होण्यासाठी पाणी लागतं.

तिसरं परक्लोरेट, म्हणजे क्लोरीन आणि प्राणवायू असलेले क्षार. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मातीत वजनाच्या सुमारे अर्धा टक्का परक्लोरेट सापडलं. थंडीत, अंधारात ते तसं शांत असतं आणि काही जीवाणू तर ते श्वसनासाठी वापरतात. पण अतिनील किरण पडले की त्यातून जहाल ऑक्सिडीकारक संयुगं तयार होतात. एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की परक्लोरेट आणि अतिनील एकत्र आले की बॅसिलस सबटिलिसच्या पेशी नुसत्या अतिनीलपेक्षा बऱ्याच लवकर मरतात. तुमच्या प्रयोगात हीच जोडी तपासण्यासारखी आहे. उपकरणं आहेत, निकाल आकड्यात मिळतो, आणि 'एकेकट्या त्रासाची बेरीज करून भागत नाही' हे त्यातून स्वच्छ दिसतं.

शीतकटिबंध

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण खरा अडसर पाण्याचा आहे आणि त्यावर नीट लिहायला हवं. किरणांपासून धुळीचा आडोसा मिळतो, पाण्याच्या अभावाला आडोसा नाही.

मंगळावर बर्फ भरपूर आहे, बाष्पही थोडं आहे. प्रश्न असा की पेशीला ते वापरता येतं का. यासाठीचं माप म्हणजे वॉटर ॲक्टिव्हिटी. शुद्ध पाण्याची १. बहुतेक जीवाणू ०.९ च्या खाली वाढत नाहीत, मिठाच्या संतृप्त पाण्याची ०.७५ असते आणि तिथे मिठागरांतले खारप्रेमी जीव आनंदाने वाढतात. ०.६१ ला साखरेत वाढणारी एक बुरशी कशीबशी वाढते आणि ०.५८५ हा आजवर नोंदलेला तळ आहे. मध वर्षानुवर्षं नासत नाही तो यामुळेच, त्यात पाणी आहे पण ते ०.६ च्या आसपास बांधलेलं आहे. थंडीची हद्द वेगळी: कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या प्लॅनोकॉकस हॅलोक्रायोफिलस या जीवाणूच्या पेशी उणे १५ ला दुभागतात.

आता या दोन्ही अटी मंगळावर एकाच वेळी पुऱ्या होतात का ते पाहा. परक्लोरेटचे क्षार हवेतलं बाष्प ओढून पाझरतात आणि त्यांचा द्राव फार खाली गोठतो, कॅल्शियम परक्लोरेटचा तर उणे ७५ च्या सुमारास. म्हणजे द्रवरूप पाणी मिळालं! पण पहाटे हवेत दमटपणा असतो तेव्हा जमीन उणे ८० च्या आसपास असते, आणि दुपारी ती शून्याजवळ येते तोवर दमटपणा जवळजवळ शून्य होऊन तो द्राव सुकलेला असतो. पाणी असतं तेव्हा ऊब नसते, ऊब येते तेव्हा पाणी नसतं. २०२० मध्ये नेचर ॲस्ट्रॉनॉमीत आलेल्या अभ्यासाने याचा हिशोबच मांडला. असे द्राव मंगळाच्या बऱ्याच मोठ्या भागावर बनू शकतात, सलग काही तास टिकतातही, पण त्यांचं तापमान उणे ४८ च्या वर जात नाही.

अंतराळयानांसाठी कोस्पार या अंतराळ संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे जे जंतुसंसर्ग टाळण्याचे नियम आहेत ते याच दोन आकड्यांवर उभे आहेत. जिथे तापमान उणे २८ च्या वर आणि वॉटर ॲक्टिव्हिटी ०.५ च्या वर जाऊ शकते, तो 'विशेष प्रदेश', आणि तिथे जाणाऱ्या यानाला फार कडक निर्जंतुकीकरण लागतं. साध्या लँडरलासुद्धा पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ३०० बीजाणूंची मर्यादा आहे. १९७६ मध्ये उतरलेली व्हायकिंग यानं तर उड्डाणाआधी सुमारे ११२ अंशांवर ३० तास भाजून काढली होती.

पृथ्वीवरची दोन ठिकाणं शेजारी ठेवली की मुद्दा पटतो. चिलीतलं अटाकामा अतिशय कोरडं, पण थंड नाही. तिथल्या मिठाच्या खडकांच्या आत नीलहरित जीवाणू राहतात, कारण मीठ ७५ टक्के आर्द्रतेला पाझरतं आणि तेवढं पाणी त्यांना पुरतं. अंटार्क्टिकातली युनिव्हर्सिटी व्हॅली कोरडी आणि वर्षभर शून्याखाली, दोन्ही एकदम. २०१६ मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या गटाने तिथल्या कायम गोठलेल्या मातीत जीवाणूंच्या सक्रियतेचा शोध घेतला आणि ती सापडली नाही. पेशी तुरळक होत्या, पण वाऱ्याने येऊन पडलेल्या किंवा निपचित. पृथ्वीवरच असं आहे, तर दीडशेपट विरळ हवेच्या मंगळावर पृष्ठभागाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

प्रयोगासाठी याचा अर्थ: बशीत ओला अगर (जीवाणू वाढवायची पोषक जेली) ठेवून 'मंगळाच्या दाबाला वाढतंय का' असं पाहू नका. ७ मिलिबारला पाणी २ अंशांवर उकळतं. अगर फेसाळून सुकतो, दाब खाली येत नाही आणि पंपाच्या तेलात पाणी जातं. ७ मिलिबार, शून्य अंश आणि निव्वळ कार्बन डायऑक्साइडमध्ये सेरेशिया लिक्विफेशियन्स वाढल्याचं २०१३ मध्ये सिद्ध झालं आहे, पण त्यात पोषक अगर तयार दिलेला होता आणि तापमान काटेकोर शून्याला धरलं होतं. शिवाय सेरेशिया अशक्त माणसाला आजारी पाडू शकतो, तो टीवायच्या प्रकल्पात नको.

निर्वात

साहित्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण असे प्रयोग जीवशास्त्रात कमी आणि भांड्यात जास्त फसतात.

काचेचा डेसिकेटर अतिनीलच्या भागासाठी विसरा. साधी काच आणि बोरोसिलिकेट दोन्ही २५४ नॅनोमीटर अडवतात, पॉलिकार्बोनेट आणि ॲक्रिलिकसुद्धा. पेट्री डिशचं झाकण ठेवून 'अतिनीलचा परिणाम नाही' असा निकाल येतो तो यामुळे. क्वार्ट्झची खिडकीच लागते. रेझिनमधले बुडबुडे काढायला स्टीलचे जे व्हॅक्यूम डबे मिळतात त्यांतला एक घ्या, ॲक्रिलिकचं झाकण काढून त्या जागी २० मिमी जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट बसवा, मधोमध १० सेंमीचं भोक, वर ओ-रिंग आणि १२ सेंमी व्यासाची, ८ मिमी जाडीची क्वार्ट्झची चकती. १० सेंमीच्या भोकावर हवेचा भार सुमारे ८० किलो येतो. चकती ओरखडा किंवा टवका गेलेली असेल तर वापरू नका, पंप सुरू असताना डब्यावर वाकून पाहू नका. ट्यूब डब्याच्या आत ठेवण्याचा मोह होतो, तो टाळा: काही मिलिबार दाबाला वायूतून ठिणगी अगदी सहज पडते आणि चोकचा झटका टर्मिनलवरच फुटतो.

दाब मोजताना हमखास चूक होते. पंपावरचं काट्याचं गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतं. पुण्यात बाहेरची हवाच ९५० मिलिबारच्या आसपास असते, समुद्रसपाटीला १०१३, आणि काट्याची अचूकता वीस-पंचवीस मिलिबारची. त्यावर ७ मिलिबार ओळखणं अशक्य आहे. हवामानासाठीचे स्वस्त सेन्सर ३०० मिलिबारच्या खाली चालत नाहीत. पिरानी गेज चालतं, पण ते हवेसाठी जुळवलेलं असतं, कार्बन डायऑक्साइडमध्ये वेगळं वाचतं आणि १० मिलिबारच्या जवळ त्याचा भरवसा कमी होतो. कपॅसिटन्स प्रकारचं निरपेक्ष दाबाचं गेज भौतिकशास्त्र विभागाकडून मागून घ्या, ते कोणत्याही वायूत खरं सांगतं.

वायू भरण्याची रीत अशी. डबा ५ मिलिबारपर्यंत खाली न्या, कार्बन डायऑक्साइड ९०० पर्यंत भरा, पुन्हा ५ पर्यंत खाली न्या, पुन्हा भरा. प्रत्येक फेरीत उरलेली हवा १८० व्या भागावर येते, म्हणजे दोन फेऱ्यांत साधारण ३२ हजारावा भाग. मग ७ मिलिबारला आणून पंप चालूच ठेवा आणि नीडल व्हॉल्व्हने वायूची बारीक धार सोडून दाब स्थिर करा. डबा बंद करून सोडून दिला तर गळतीमुळे रात्रीतून दाब चढतो आणि चढतो तो बाहेरच्या दमट हवेने. पंपाचा गॅस बॅलास्ट (तेलात बाष्प साचू न देणारी झडप) उघडा ठेवा.

पंप एकदम पूर्ण उघडू नका. पूड उडून खिडकीला चिकटते आणि त्याबरोबर तुमचे बीजाणूही. पहिली ५ मिनिटं व्हॉल्व्ह जेमतेम उघडा, हवा परत भरतानाही तसंच, आणि भरायची हवा ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून.

ट्यूब १० मिनिटं आधी पेटवून ठेवा, सुरुवातीला तिची तीव्रता बदलत असते. अशी १५ वॉटची ट्यूब २५ सेंमीच्या आसपास दर चौरस सेंमीला ०.३ ते ०.४ मिलिवॉट देते, म्हणजे जवळपास मंगळाच्या दुपारइतकं. पण अंदाजावर जाऊ नका, २५४ नॅनोमीटरच्या मीटरने खिडकीखाली, नमुन्याच्याच जागी मोजा. जुन्या ट्यूबचा उजेड निळा दिसत राहतो आणि अतिनील मात्र कितीतरी कमी झालेलं असतं. डोळ्यांना पॉलिकार्बोनेटचा मुखवटा आणि पूर्ण बाह्यांचा ॲप्रन हवाच.

नमुन्याची जाडी ही या प्रयोगाची किल्ली आहे. साडेतीन सेंमी व्यासाच्या, बुटक्या काठाच्या काचेच्या बश्या घ्या, खिडकीखाली चार मावतात. एका संचात बशीत ०.०५ ग्रॅम पूड, म्हणजे कणांचा जेमतेम एक थर. दुसऱ्या संचात दीड ग्रॅम, म्हणजे साधारण १ मिमी. पहिल्यात जवळजवळ सगळे मरतील, दुसऱ्यात बहुतेक जगतील. एकच जाडी घेतलीत तर जो निकाल येईल तो तुम्ही योगायोगाने निवडलेल्या जाडीचा असेल, मंगळाचा नाही.

जोड्या अशा लावा: दाब-वायू आहे किंवा नाही, अतिनील आहे किंवा नाही, परक्लोरेट आहे किंवा नाही. झाल्या ८ जोड्या, प्रत्येकी ३ बश्या, पातळ थराच्या २४. जाड थर फक्त अतिनीलच्या ४ जोड्यांसाठी, १२ बश्या. प्रत्येक बशीची ३ विरलनं (टप्प्याटप्प्याने पातळ केलेले द्राव) आणि प्रत्येकी २ प्लेट धरल्या तर एकाच वेळेच्या मोजणीला २१६ अगर प्लेट होतात, म्हणजे सव्वाचार लिटरच्या पुढे न्यूट्रियंट अगर. हा आकडा आधी बघा आणि मगच वेळापत्रक ठरवा. थंडी पहिल्या फेरीत घेऊ नका. जमलं तर नंतर एकच जोडी उणे २० ला करा.

मायक्रो_टीवाय

खूप उपयोगी. तीन गोष्टी अजून विचारते. मातीची कृती ग्रॅममध्ये द्याल का? परक्लोरेट हाताळणं कितपत धोक्याचं आहे? आणि लोणारच्या सरोवरातले जीवाणू घेतले तर? लोणार मंगळासारखं आहे असं सगळीकडे वाचायला मिळतं.

काळापाषाण

१०० ग्रॅमसाठी: बेसाल्टची पूड ८७.५, लॅबचं फेरिक ऑक्साइड ४, निर्जल मॅग्नेशियम सल्फेट ८, मॅग्नेशियम परक्लोरेट ०.५. परक्लोरेट नसलेल्या संचात तेवढीच पूड वाढवा. सल्फेट निर्जलच घ्या. औषधाच्या दुकानातल्या एप्सम सॉल्टचं निम्मं वजन पाण्याचं असतं आणि ते पाणी निर्वातात सुटत राहून दाब खाली येऊ देत नाही. क्रशरची कच चालेल, पण फोडलेल्या ताज्या काळ्या दगडाची. मुरूम मिसळलेला असेल तर त्यातली चिकणमाती आणि सेंद्रिय अंश दोन्ही निकाल बिघडवतात. पाण्याने धुवा, सुकवा, ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा. दख्खनचा बेसाल्ट जवळचा आहे, पण हुबेहूब नाही. मंगळाच्या मातीत लोह जास्त आणि गंधक व क्लोरीन कितीतरी जास्त असतं, म्हणून ही भर.

निर्जंतुक करताना पूड सेंमीभर थरात पसरून १८० अंशांवर ३ तास कोरडी भाजा. ऑटोक्लेव्ह केलीत तर ओली पूड गोळा होते आणि गोळ्यांच्या आत बीजाणू उरतात. भाजलेल्या पुडीतली चिमूट प्लेटवर टाकून काही उगवत नाही याची खात्री करा, मगच पुढे.

परक्लोरेट या सगळ्यानंतर, थंड पुडीत. ०.५ ग्रॅम २० मिलि पाण्यात विरघळवा, ०.२२ मायक्रॉनमधून गाळा, पुडीत कालवा आणि डेसिकेटरमध्ये सामान्य तापमानाला सुकवा. घन परक्लोरेट जोरदार ऑक्सिडीकारक आहे. अल्कोहोल, कापूस, गाळणकागद, लाकडी चमचा यांच्याशी संपर्क आणि उष्णता एकत्र आली तर स्फोट होऊ शकतो. म्हणून ओव्हन नाही, ऑटोक्लेव्ह नाही, बर्नरजवळ नाही आणि बीजाणू अल्कोहोलमध्ये कालवून टाकणं तर अजिबात नाही. पुडीत मिसळल्यावर अर्ध्या टक्क्याला धोका फार कमी होतो, काळजी वजन करताना आणि बाटली ठेवताना घ्यायची. उरलेलं रसायनशास्त्र विभागाच्या कचऱ्यात द्या, बेसिनमध्ये ओतू नका. परक्लोरेट पाण्यात टिकून राहतं आणि थायरॉइडच्या कामात अडथळा आणतं.

जीवाणू म्हणजे बॅसिलस सबटिलिस, पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएम संग्रहातून किंवा चंदीगडच्या एमटीसीसीतून मागवा. बीजाणू तयार झाल्यावर ८० अंशांवर १० मिनिटं ठेवा म्हणजे साध्या पेशी मरतील आणि तुम्ही मोजाल ते बीजाणूच असतील. निर्जंतुक पाण्यात कालवून दर ग्रॅम पुडीला १ कोटी या हिशोबाने मिसळा आणि सुकवा.

पुडीतून बीजाणू परत काढणं ही इथली दुखरी जागा आहे. बेसाल्टच्या कणांना ते चिकटतात, सुटत नाहीत, आणि न सुटलेले 'मेले' म्हणून मोजले जातात. ०.८५ टक्के मीठ आणि ०.१ टक्का ट्वीन ८० च्या द्रावात २ मिनिटं व्हॉर्टेक्स करा आणि शून्य वेळेच्या बश्यांवर, म्हणजे कोणताही त्रास न दिलेल्या पुडीवर, टाकलेल्यांपैकी किती परत येतात ते आधी काढा. परक्लोरेटवाल्या आणि बिनपरक्लोरेटच्या पुडीसाठी हा आकडा वेगवेगळा काढायचा. पुढचे सगळे निकाल त्याच्याशी ताडून पाहायचे.

लोणारबद्दल. लोणारचं मंगळाशी साम्य दगडाचं आहे, जीवांचं नाही. साडेपाच लाखांहून अधिक वर्षांपूर्वी बेसाल्टवर उल्का आदळून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं ते विवर आहे. पृथ्वीवरची बहुतेक आघातविवरं इतर खडकांत आहेत, बेसाल्टमधली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. धक्क्याने बेसाल्टमधल्या खनिजांचं काय होतं हे शिकायला भूगर्भशास्त्रज्ञ तिथे जातात. सरोवरातले जीव मात्र क्षारीय, खाऱ्या, कोमट पाण्याचे आहेत. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने खारप्रेमी आर्किया (जीवाणूंसारखे पण निराळ्या गटातले सूक्ष्मजीव) हे कारण सांगितलं होतं. सरोवराचा पीएच १० च्या आसपास, फिनिक्सने मंगळाच्या मातीचा मोजलेला पीएच ७.७. या जीवांना सुकवून गोठवलं तर ते बॅसिलसच्या बीजाणूंपेक्षा चांगले टिकतील असं मानायला कारण नाही. शिवाय ते अभयारण्य आहे आणि रामसर स्थळही, वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथून नमुना उचलता येत नाही.

पाताळविहीर

इथे सगळी चर्चा वरच्या काही मिलिमीटरांची चालली आहे म्हणून एक भर घालतो. पृष्ठभागासाठी 'नाही' हे उत्तर मान्य, पण सगळ्या ग्रहासाठी ते मान्य नाही.

खोल गेलं की मारणाऱ्या गोष्टी एकेक करून गळतात. मिलिमीटरभर खाली अतिनील संपतं, काही मीटर खाली वैश्विक किरण बोथट होतात, परक्लोरेटला चिथावणारा प्रकाश नसतो, दाब वाढतो म्हणून पाणी उडून जात नाही आणि पोटातल्या उष्णतेने काही किलोमीटर खाली बर्फ वितळण्याइतकं तापमान येतं. इनसाइट यानाने नोंदलेल्या मंगळकंपांवरून २०२४ मध्ये एका अभ्यासाने असं सुचवलं की ११.५ ते २० किलोमीटर खोलीवरच्या भेगाळलेल्या खडकात द्रव पाणी असावं. हा लहरींच्या वेगावरून काढलेला अर्थ आहे, पाणी कुणी पाहिलेलं नाही, पण तो गांभीर्याने घेण्याजोगा आहे.

अन्नाचं काय? सूर्यप्रकाशाची गरजच नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोलीवर भेगांतल्या पाण्यात डिसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर नावाचा जीवाणू जवळजवळ एकटाच राहतो. खडकातल्या युरेनियमच्या किरणांनी पाणी फुटून हायड्रोजन सुटतो, तो आणि सल्फेट यांवर त्याचं भागतं. आपल्या कोयनेत भूकंप अभ्यासण्यासाठी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या कराडच्या प्रयोगशाळेने ३ किलोमीटरचं छिद्र घेतलं. तिथे सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्टचे थर आणि त्याखाली ग्रॅनाइट आहे. त्या भागातल्या खोल खडकांच्या नमुन्यांत आयआयटी खरगपूरच्या गटाला जीवाणूंचे समुदाय मिळाले, संख्येने अगदी थोडे. बेसाल्टमधलं लोह आणि पाणी यांच्या विक्रियेतूनही हायड्रोजन सुटतो, आणि मंगळाकडे बेसाल्टची वाण नाही.

मायक्रो_टीवाय, तुमच्याकडे एखादं सत्र शिल्लक असेल तर हे लहान प्रमाणात करून पाहता येईल. बेसाल्टची ताजी दळलेली पूड, प्राणवायू काढलेलं पाणी, सीरमच्या बाटल्या, रबरी बूच आणि ॲल्युमिनियमची क्रिम्प. प्राणवायू उरला आहे का हे रेझाझुरिनच्या रंगावरून कळतं, गुलाबी राहिला तर उरला आहे. हायड्रोजन मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ मात्र लागेल. आणि सावधान: पोलादी चक्कीत दळलेल्या पुडीत लोखंडाचे कण येतात आणि ते स्वतःच हायड्रोजन देतात. अगेटच्या खलबत्त्यात कुटा, नाहीतर चक्कीचा हायड्रोजन बेसाल्टच्या नावावर जाईल.

शीतकटिबंध

खोलीचा मुद्दा बरोबर, पण एक फरक ध्यानात घ्या. म्पोनेंग किंवा कोयनेतले जीव वरून, वसलेल्या ग्रहावरून खाली झिरपले आणि लाखो वर्षांत रुळले. मंगळावर आज एखाद्या यानावरून पडलेला बीजाणू ११ किलोमीटर खाली पोहोचणार कसा? 'पृथ्वीवरचा जीव तिथे तगेल का' आणि 'मंगळाचा स्वतःचा जीव खोलवर उरला असेल का' हे प्रश्न वेगळे धरावेत. साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी तिथे नद्या आणि सरोवरं होती, त्यामुळे दुसरा प्रश्न पूर्ण जिवंत आहे.

मायक्रो_टीवाय

ठरलं मग. अतिनील आणि परक्लोरेट, दोन जाड्या, ७ मिलिबार कार्बन डायऑक्साइड. वेळ किती द्यावा? आणि पातळ थरात एकही वसाहत आली नाही तर 'सगळे मेले' लिहायचं का?

निर्वात

वेळा ०, १, ५, १५ आणि ६० मिनिटं. सुरुवातीच्या वेळा जवळजवळ हव्यात, कारण पहिल्या दीड मिनिटातच आलेख कोसळतो. एवढ्या वेळा सगळ्या ८ जोड्यांना झेपणार नाहीत, म्हणून पूर्ण वेळमालिका फक्त अतिनीलच्या ४ जोड्यांना द्या, बाकीच्यांना ० आणि ६०.

'सगळे मेले' लिहू नका. पातळ थराच्या बशीत ०.०५ ग्रॅम, म्हणजे ५ लाख बीजाणू. ५ मिलि द्रावात काढून त्यातलं ०.१ मिलि प्लेटवर पसरलंत तर ५० पैकी एकच भाग पाहिला. एकही वसाहत नाही याचा अर्थ बशीत साधारण ५० पेक्षा कमी उरले, म्हणजे १० हजारांत एकाहून कमी, एवढाच. आणखी खाली जायचं असेल तर उरलेला सगळा द्राव ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून गाळून मेम्ब्रेनच प्लेटवर ठेवा. आधी मिनिटभर उभा ठेवून पूड तळाशी बसू द्या, नाहीतर मेम्ब्रेन चोंदतं. प्लेट ४८ तासांनी मोजून फेकू नका, ७ दिवस ठेवा. घायाळ बीजाणू उशिरा उगवतात, आणि पहिल्या दोन दिवसांत मेलेले वाटलेले काही पाचव्या दिवशी वसाहत करतात.